पाटी लागली, पण विचारलं कुणाला?

शेतात असाल, चुलीपुढं असाल, गटाच्या बैठकीला जमला असाल, जिथं असाल तिथून ऐका. आज आम्ही पाचजणी मिळून बोलणार आहोत. विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हा काय बायकांचा विषय आहे का? विषय आहे गावातल्या रस्त्याचा. गाड्या कुठं लावायच्या, रहदारीची पाटी कुठं रोवायची, हे कोण ठरवतं आणि ठरवताना आपल्याला विचारतं का?

आधी आम्हालाही तसंच वाटायचं. पाटी ड्रायव्हरसाठी असते, आपण तर पायी चालणाऱ्या. गाडी लावायची भांडणं पुरुषांची, आपल्याकडं गाडीच नाही. पण एका पाटीनं आमच्या गावातल्या बारा बायकांचा बाजार उठवला, तेव्हा आमचे डोळे उघडले. तीच हकिगत आज सांगतो.

आमचं गाव रस्त्यावरचं. गावाच्या मधून डांबरी रस्ता जातो. एका बाजूला एसटीचा थांबा, किराणा दुकानं, हॉटेल. समोरच्या बाजूला मोठं लिंबाचं झाड, पुढं मारुतीचं देऊळ आणि त्याच्या पलीकडं शाळा. मंगळवारी आठवडे बाजार. बाजारादिवशी थांब्यावर वडापच्या जीप, टेम्पो, मोटारसायकली अशा लागतात की एसटीला कडेला यायला जागा उरत नाही. मग एसटी थांबते रस्त्याच्या मधोमध.

तुम्हाला माहीत आहे, १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून आमच्या गावच्या बायका दवाखान्याला, बँकेला, माहेरी एसटीनंच जायला लागल्या. तिकीट अर्धं झालं, पण उतरायला जागा तर पुरी हवी ना?

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या गटातल्या आक्का तालुक्याहून येत होत्या. एसटी मधोमध थांबली. आक्का पिशवी घेऊन उतरल्या, आणि एसटी आणि जीप यांच्या मधल्या फटीतून एक मोटारसायकल आली. आक्कांचा पाय मोडला. तीन महिने त्या घरात. मजुरी बुडाली. त्यांचे गटाचे हप्ते आम्ही सगळ्यांनी थोडे थोडे काढून भरले.

गावात ओरड झाली. ग्रामपंचायतीत पुरुषमाणसांची बैठक झाली आणि श्रावणात एक दिवस थांब्याजवळ पाटी उभी राहिली, ‘येथे वाहने उभी करू नयेत.’ आम्हाला बरं वाटलं. आक्का तर म्हणाल्या, माझा पाय गेला पण गावाला शहाणपण आलं.

पुढच्या मंगळवारी कळलं काय झालं ते. थांब्यावरून हटवलेल्या जीप आणि टेम्पो रस्ता ओलांडून समोर गेले, थेट लिंबाखाली. त्या लिंबाखाली आमच्या गावच्या आणि वाडीवरच्या बारा बायका वर्षानुवर्षं भाजी घेऊन बसतात. मेथी, कोथिंबीर, शेपू, वांगी, घरच्या गाईचं तूप. सकाळी त्या आल्या तर जागेवर टेम्पो. त्यांना सांगितलं, तुम्ही तिकडं ओढ्याच्या कडेला बसा. ओढ्याकडं गिऱ्हाईक जात नाही. वांगं उद्यावर टाकता येतं, पण मेथी-कोथिंबीर संध्याकाळी मान टाकते. त्या दिवशी बायकांनी निम्म्या भावात माल दिला, उरलेला जनावरांना घातला.

आता बघा. पाटीवर लिहिलं होतं गाड्या लावू नका. उठल्या कोण? भाजीवाल्या. पाटी लावणाऱ्यांनी वाईट मनानं केलं असं आम्ही म्हणत नाही. पण एका जागेवरून गाडी हटवली की ती कुठंतरी जाणारच. ती कुठं जाईल याचा विचार कुणी केला नाही, कारण लिंबाखाली बसणारी एकही बाई त्या बैठकीत नव्हती. आणि गंमत म्हणजे महिन्याभरात जीप परत थांब्यावरही लागायला लागल्या, अगदी त्या पाटीला टेकून. म्हणजे थांबाही गेला आणि लिंबाची सावलीही गेली.

आम्ही सात-आठजणी ग्रामपंचायतीत गेलो. सरपंच म्हणाले, पाटी लावली आता, दंड करणं पोलिसांचं काम. पोलीस चौकीत गेलो. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, “ताई, ही पाटी कुठल्या आदेशानं लागली? आमच्याकडं कागद नाही. कागद नसेल तर आम्ही पावती कशी फाडायची?” परत ग्रामपंचायतीत आलो. भाऊसाहेबांनी फाइल चाळली. कागद नव्हताच. वर्गणी काढून पाटी रंगवली होती आणि पंचायतीनं खांब दिला होता. एवढंच.

त्या दिवशी आम्ही पहिला धडा शिकलो. खांबावर लावलेला पत्रा म्हणजे पाटी नव्हे. पाटीच्या मागं आदेश लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्यात रहदारीच्या पाट्यांचं कलम ११६ आहे आणि गाड्या उभ्या करायच्या जागांचं कलम ११७ आहे. या जागा राज्य सरकार किंवा सरकारनं अधिकार दिलेला अधिकारी ठरवतो. पण कलम ११७ मध्ये एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. अशी जागा ठरवताना तिथल्या स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करायचा असतो. खेड्यात स्थानिक संस्था म्हणजे आपली ग्रामपंचायत. आणि ग्रामपंचायतीला सांगणारी कोण? ग्रामसभा. ग्रामसभेत कोण? मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक बाई. म्हणजे साखळी आपल्यापर्यंत येते. आपण तिचं टोक धरत नाही एवढंच.

दुसरा धडा, रस्ता कुणाचा ते आधी बघायचं. आम्ही समजत होतो गावातून जातो म्हणजे गावाचा. तसं नसतं. रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्यमार्ग. नारिंगी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला ग्रामीण रस्ता. आमचा दगड चुन्यानं माखला होता. एकीनं पदरानं पुसला, तर खाली हिरवा रंग निघाला. म्हणजे आमचा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा. ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची वेगळी नोंदवही भाऊसाहेबांकडं असते, ती मागून बघता येते. आळीतला, गावठाणातला रस्ता बहुतेक तिथं सापडतो. रस्ता ज्याचा, त्याच्या दारात अर्ज. नाहीतर चपला झिजतात आणि प्रत्येकजण म्हणतो हे आमच्याकडं नाही.

दगडानं आम्हाला एक कडू गोष्टही सांगितली. लिंबाखालची साइडपट्टीसुद्धा राज्यमार्गाचीच. म्हणजे तिथं बसायचा आपल्या बायकांचा हक्क कागदावर नव्हता. काहीजणी रडकुंडीला आल्या. तेव्हा आमच्यातल्या एका मावशींनी कनवटीची पिशवी सोडली आणि त्यातून बाजाराच्या पावत्या काढल्या. दर मंगळवारी बाजाराचा ठेकेदार बायकांकडून पैसे घेतो आणि पावती देतो. बाजाराचा लिलाव करते ग्रामपंचायत. मावशी म्हणाल्या, “पंचायत माझ्याकडून जागेचे पैसे घेते ना? मग माझी जागा कुठली ते पंचायतीनंच दाखवावं.” या एका वाक्यानं आमचा अर्ज तयार झाला.

मग आम्ही ठरवलं, तक्रार नुसती न्यायची नाही, मोजून न्यायची. एका मंगळवारी सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दोघी-दोघींनी पाळी लावली. शाळेत जाणाऱ्या मुलींना वही दिली. किती गाड्या आल्या, कुठं लागल्या, कोणती किती वेळ उभी राहिली, एसटी किती वेळा मधोमध थांबली, हे सगळं रेघा मारून लिहिलं. दोरी घेऊन रस्ता मोजला. संध्याकाळी देवळापुढं रांगोळीनं जमिनीवर रस्ता काढला. थांबा, लिंब, शाळेचं फाटक, दुकानं. गाड्यांच्या जागी चिंचोके ठेवले, बायकांच्या जागी ज्वारीचे दाणे. चिंचोके हलवून बघितले. इथून काढले तर कुठं जातात? असं करता करता जुन्या गोदामामागचं पंचायतीचं रिकामं मैदान आमच्या ध्यानात आलं. तिथं घाणेरी माजली होती आणि उकिरडा झाला होता. पण गाड्या मावतील एवढी जागा होती आणि जागा गावाची होती.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली होती. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायला सांगितली आहे. तिथं ठरलेलं ग्रामसभेपुढं यावं लागतं. कितीतरी गावांत ही महिला सभा वहीतच होते. घरोघरी वही फिरते आणि आपण अंगठा उठवतो किंवा सही करतो. आमच्याकडंही तसंच चालायचं. यावेळी आम्ही भाऊसाहेबांना म्हटलं, वही घरी पाठवू नका, आम्हीच येतो.

सभेत सगळं गोडीगुलाबीनं झालं असं समजू नका. जीप चालवणारे परके थोडेच आहेत? एकीचा दीर, दुसरीचा मुलगा. एक वहिनी उठून म्हणाल्या, “माझ्या घरातली चूल त्या वडापवर पेटते. त्याला गावाबाहेर घातलंत तर गिऱ्हाईक मिळेल का?” त्यांचं म्हणणं खरं होतं. किराणा दुकानदाराची बायको म्हणाली, दुकानापुढं मोटारसायकल थांबली नाही तर उधारीवालासुद्धा फिरकणार नाही. तेही खरं. भाजीवाल्यांचं खरं, आक्कांचा मोडलेला पाय तर सगळ्यांत खरा. रस्ता मात्र तेवढाच. तो ताणून रुंद होत नाही.

म्हणून आम्ही वाटणी केली, घरात भाकरी वाटतो तशी. थांब्यापुढची जागा सगळी मोकळी, तिथं फक्त एसटी. वडापच्या दोनच जीप थांब्याच्या पुढं नंबरानं, बाकीच्या मैदानात. नंबर आला की पुढं यायचं. दुकानांपुढं मोटारसायकल दहा-पंधरा मिनिटांपुरती, टेम्पो नाही. मैदान साफ करून मुरूम टाकायचा पंचायतीनं. आणि भाजीवाल्या बसतील मैदानाच्या तोंडाशी, पंचायतीच्याच जागेत. ही सूचना वाडीवरच्या एका म्हातारीची. ती म्हणाली, गाडी मागं लावली की माणूस माझ्यापुढूनच बाजारात जाणार, मग मी लिंबाखाली कशाला बसू?

यात आणखी एक भर घातली ती शाळेच्या फाटकाची. ऊस सुरू झाला की कारखान्याकडं निघालेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन रात्री रस्त्याकडेला उभे राहतात. मागं दिवा नाही, चमकपट्टी नाही. अंधारात मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती अंगावर आल्यावर. गाडी इतरांना धोका होईल अशी उभी करणं हा कलम १२२ खाली गुन्हा आहे. शाळेजवळ ट्रॉल्या थांबू नयेत आणि ‘पुढे शाळा आहे’ ही पाटी लागावी, असं आम्ही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ठराव झाला. लगेच झाला नाही. दोन तास वाद झाला. कुणी म्हणालं, बायकांनी आता ट्रॅफिक हवालदार व्हायचं ठेवलंय. आक्का काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, “मी उतरताना तुमच्यापैकी एकजण जरी तिथं हवालदार असता, तर आज मी चालत आले असते.” मग सभा गप्प झाली.

पुढं काय झालं, ते खरं खरं सांगतो. मैदान आठ दिवसांत साफ झालं, कारण ते पंचायतीच्या हातातलं होतं. मुरूम दिवाळीनंतर पडला. शाळेची पाटी बांधकाम विभागानं फेब्रुवारीत लावली, तोवर चार वेळा खेटे घातले. गाड्या लावण्याच्या आदेशाचा प्रस्ताव वर गेला आहे, तो अजून आलेला नाही. ती जुनी बिनकागदाची पाटी पंचायतीनं काढून ठेवली. आदेश येईपर्यंत आम्ही सोमवारी रात्री थांब्यापुढं चुन्याची रेघ मारतो. चुना म्हणजे कायदा नव्हे, हे आम्हाला माहीत आहे. पण रेघ सगळ्या गावानं मिळून ठरवली म्हणून बहुतेकजण पाळतात. जो पाळत नाही त्याला त्याच्या घरची बाईच विचारते. बारांपैकी दहा भाजीवाल्या मैदानाच्या तोंडाशी बसतात. दोघी मधल्या काळात दुसऱ्या गावच्या बाजाराला जायला लागल्या, त्या परत आल्या नाहीत. पाटी लावताना एका दुपारी विचारलं असतं, तर त्याही इथंच असत्या.

आता तुमच्या उपयोगाचं. पाट्या कशा वाचायच्या? अक्षरं येत नसली तरी चालतं, आकार बघा. गोल पाटी म्हणजे हुकूम, ती मोडली तर दंड. तिकोनी, लाल काठाची पाटी म्हणजे सावध, पुढं काहीतरी आहे, शाळा, वळण, गतिरोधक. चौकोनी पाटी म्हणजे माहिती, दवाखाना, पेट्रोल पंप, गाडीतळ. निळ्या गोलावर एक लाल तिरकी रेघ असेल तर तिथं गाडी लावून जायचं नाही. दोन रेघांची फुली असेल तर तिथं गाडी थांबवायचीसुद्धा नाही. आपल्या एसटी थांब्याजवळ, शाळेजवळ कोणती पाटी आहे आणि कोणती हवी, हे एकदा चालत जाऊन बघा. बरोबर लेकीबाळींना न्या. त्या पटकन ओळखतात.

ठराव लिहिताना पाच गोष्टी सोडू नका. जागा नेमकी कुठून कुठपर्यंत. वार आणि वेळ, कारण बाजारादिवशीची अडचण रोज नसते. कारण काय, झालेले अपघात, मोजलेल्या गाड्या. हटवलेल्या गाड्या कुठं जातील. आणि त्या जागेवर आज कुणाचं पोट आहे, त्यांची सोय काय. शेवटच्या दोन गोष्टी नेहमी विसरतात, आणि तिथंच आपल्या बायका अडकतात.

ठरावाची नक्कल सही-शिक्क्यानिशी घ्या. ती ज्याचा रस्ता त्या कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला द्या, आणि पोच घेतल्याशिवाय दारातून हलू नका. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. अर्जात एवढंच विचारा की आमच्या अमुक तारखेच्या ठरावावर आजपर्यंत काय काय कारवाई झाली. रस्ता सुरक्षेसाठी जिल्ह्याची समितीही असते, धोक्याची जागा तिच्यापुढं ठेवता येते.

आणि एक सावधगिरी. रागाच्या भरात कुणाची पाटी उपटू नका. दगड-माती टाकून रातोरात गतिरोधक करू नका. गतिरोधकाला ठरलेलं माप असतं, अलीकडं तिकोनी पाटी लागते, वर पांढरे पट्टे लागतात. नाहीतर अंधारात मोटारसायकलच्या मागं बसलेली बाईच पहिली पडते, मांडीवरच्या लेकरासकट.

मैत्रिणींनो, ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. पण खुर्चीवर बसलेल्या बाईला रस्त्यावर बसलेल्या बाईनं सांगितलं नाही, तर तिला तरी कसं कळणार? पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. रांगोळीनं आपला रस्ता काढा. चिंचोके ठेवा, दाणे ठेवा. बघा, कुणाच्या जागेवर कोण उभं आहे. आणि पुढच्या महिला सभेची वही घरी आली, तर सही करण्याआधी विचारा, सभा कधी आहे? आम्ही येतोय.

येताना रस्त्याच्या कडेनं या, आणि जपून या.